रात्री १.१० ची नोंद

पोलिसांच्या भ्रष्टाचारावर मालिका लिहायला घेतली की पहिल्या खर्ड्यात हमखास एक पाकीट येतं. तपकिरी, फुगलेलं, टेबलावरून हळूच सरकवलेलं. समोर नवी अधिकारी. ती पाकिटाकडे बघते, मग भिंतीवरच्या गांधीजींकडे बघते, पार्श्वसंगीत चढतं. हा प्रसंग ठाण्यात नोकरी काढलेल्या कुणालाही वाचायला द्या. संगीताबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तो विचारतो, "हे पैसे कशाचे?"

खर्डा तिथेच अडतो, कारण लिहिणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं. ठाण्यात उगाच कुणी पैसे देत नाही. पैसे मिळतात ते कागदाचे: गुन्हा दाखल झाला की नुसती अदखलपात्र नोंद झाली, कलम कोणतं लागलं, अटक किती वाजता दाखवली, पंचनाम्यात काय 'मिळून आलं' आणि काय आलं नाही. म्हणून आम्ही हल्ली उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कागद ठरवायचा, मग त्यातलं काय बदललं की कुणाचं किती भलं होतं ते काढायचं, आणि पाकीट शक्यतो दाखवायचंच नाही. आठ भागांत ते एकदा दिसलं तरी पुरे; तेही सापळ्याच्या, म्हणजे लाच घेताना पकडण्याच्या भागात, कारण तिथे ते मुद्देमाल असतं.

त्यानंतर हुद्दा. नवखं पात्र शिपाई केलं तर त्याच्या हातात पेन नसतं. आयपीएस केलं तर त्याच्या आणि ठाण्याच्या मध्ये सलामांची भिंत असते. खरी कोंडी होते ती पोलीस उपनिरीक्षकाची, म्हणजे ठाण्याच्या बोलीत पीएसआयची किंवा फौजदाराची. खांद्यावर दोन तारे, एमपीएससीतून निवड, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण, कायदा पाठ. पण आपण लिहिलेला पंचनामा उलटतपासणीत फाटताना अजून बघितलेला नाही. तपासाच्या कागदांवर सही तिची, मजकूर मात्र रायटरचा. रायटर म्हणजे तपासाचं लिखाण सांभाळणारा हवालदार: पंचवीसेक वर्षांची नोकरी, मोत्यासारखं अक्षर, कोणत्या कलमाला कोणतं वाक्य लागतं ते तोंडपाठ. त्यानं लिहायचं आणि तिनं सही करायची, एवढ्या व्यवहारावर अख्खी मालिका उभी राहते. न वाचता केलेली पहिली सही हाच पहिल्या भागाचा शेवट. गोळीबार वगैरे नंतर बघता येतं.

हवालदार तिला 'मॅडम' म्हणतो, ती त्याला अहो-जाहो करते. ठाणेप्रमुख मुंबईत 'सीनियर', जिल्ह्यात 'पीआय साहेब' आणि माघारी नुसते 'मोठे साहेब'. आयुक्तालय असेल तर त्यांच्या वर एसीपी, डीसीपी. जिल्हा असेल तर एसडीपीओ, म्हणजे उपविभागाचा पोलीस अधिकारी, आणि एसपी. तालुक्याच्या ठाण्यात डीसीपी आणून बसवला की जाणकार प्रेक्षक तिथेच रिमोट उचलतो.

नायिका बाई ठेवण्यामागे कथेच्या सोयीचं एक कारणही आहे. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असा कायदा आहे, आणि एकदा ठाण्यात महिला अधिकारी आली की बायकांच्या बाकीच्या तक्रारीही तिच्याच टेबलावर येऊन पडतात. डीबी म्हणजे गुन्हे शोधणारं पथक, छापे, नाकाबंदी यांतून ती आपोआप बाहेर राहते. ठाण्यात काय चालतं ते तिला सहा महिने कळलं नाही, हे पटवायला मग वेगळा प्रसंग लिहावा लागत नाही.

पैशाचा तक्ता आम्ही कथानकाच्या आधी करतो. एका मोठ्या कागदावर तीन रकाने. पहिला महिन्याचा: मटका, वाळू, २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखा, वेळेनंतर चालणारी हॉटेलं. हा पैसा कुणाच्या तरी नावाने एकच माणूस गोळा करतो, आणि तो बहुतेक वेळा पोलीस नसतोच. खाजगी इसम, बोलीत पंटर. दुसरा रकाना प्रकरणाचा: मांडवली, तोडपाणी, कलम हलकं करणं, जामिनाला 'हरकत नाही' म्हणणं. तिसरा नेमणुकीचा, आणि लिहिणारे तो नेहमी विसरतात. ठाणेप्रमुखाच्या खोलीत त्यांच्या मागे एक फळा असतो. त्यावर आधीच्या प्रमुखांची नावं आणि 'पासून–पर्यंत'च्या तारखा. कला विभागाला तो फळा सांगून करून घ्या आणि तारखा नीट भरा. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाणेप्रमुखाला किमान २ वर्षं द्या असं सांगितलं; तुमच्या फळ्यावर एकाआड एक माणूस सात-आठ महिन्यांत हललेला असेल, तर नेमणुकीच्या बाजारावर एकही संवाद लिहावा लागत नाही. कॅमेरा फळ्यावर तीन सेकंद थांबला की झालं.

न्यूयॉर्कमध्ये १९७० साली नेमलेल्या नॅप आयोगाने लाचखाऊ पोलिसांची दोन गटांत विभागणी केली होती: गवत खाणारे आणि मांस खाणारे. समोर आलेलं खाणारे पहिले, शिकार करून खाणारे दुसरे. खलनायक म्हणून सगळ्यांना मांसाहारी लिहावासा वाटतो. नवख्या अधिकाऱ्याला मात्र खरं संकट गवत खाणाऱ्यांचं असतं, कारण ते संख्येने जास्त असतात, स्वभावाने चांगले असतात आणि तिच्या डब्याची चौकशी करतात.

आता कागद. खून घेऊ नका. खुनात वरिष्ठ, वार्ताहर, फॉरेन्सिकवाले अशी गर्दी होते आणि फौजदाराच्या हातात काही राहत नाही. रात्रीचा अपघात घ्या. दारू प्यायलेला मोटारचालक, मोटारसायकलवरचा जखमी. यात लाच खाऊन करण्याचं काम एकच आहे, आणि ते म्हणजे काहीच न करणं.

हिशोब असा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. शरीर दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं. अपघाताच्या वेळी, म्हणजे रात्री १ वाजता, चालकाच्या रक्तात ९० होते असं धरा. ५ वाजता तो ३० च्या काठावर येतो, साडेपाचला बावीस-तेवीसवर. म्हणजे रक्ताची बाटली बदलायला नको, डॉक्टरला गाठायला नको, साडेचार तास गेले की काम झालं. खरं संकट पुढे आहे आणि तेच लिहिण्यासारखं आहे: हा वेग माणसागणिक बदलतो. कुणाचा तासाला १० असतो, मग साडेपाचला त्याच माणसाच्या रक्तात ४५ निघतील. शिवाय शेवटचा पेग गाडी सुरू करण्याच्या जरा आधी घेतला असेल तर पहिला तासभर आकडा उतरण्याऐवजी चढतच असतो. म्हणजे पैसे घेतलेल्या माणसालाही खात्री नाही. तो चालकाला चहा पाजतो, पाण्याची बाटली देतो, येरझारा घालायला लावतो. यातल्या कशानेही रक्तातलं अल्कोहोल लवकर उतरत नाही. घड्याळाकडे बघण्याखेरीज त्याच्या हातात काही नसतं, आणि हा प्रसंग संवादाशिवाय तीन मिनिटं चालतो.

आता कायद्याची दुसरी बाजू. त्याच कायद्याचं कलम २०२ सांगतं की १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. वाचताना हे दारूड्याच्या विरोधातलं कलम वाटतं. पण दोन तास मोजायचे कधीपासून? अटकेपासून. अटक साडेचारला दाखवली आणि रक्त साडेपाचला घेतलं की नियम तंतोतंत पाळला गेला. मधल्या तीन तासांत तो माणूस कुठे होता, याचं उत्तर स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्यातल्या घडामोडी वेळेसह लिहायच्या वहीत, तयार करावं लागतं.

आमच्या तक्त्यावर ती रात्र दोन ओळींत मांडलेली असते. वरच्या ओळीत घडलेलं: १.१० ला ११२ वर फोन, १.२५ ला बीटची गाडी हवालदारासह हजर, चालक जागेवरच, गाडीत बसवला. खालच्या ओळीत लिहिलेलं:

"वेळ ०१.५० वा. फोनद्वारे खबर मिळाली की, हायवेवर चारचाकी व मोटारसायकल यांचा अपघात होऊन एक इसम जखमी आहे. बीट अंमलदार स्टाफसह रवाना."

"वेळ ०२.१० वा. पोउपनि घटनास्थळी हजर. चारचाकी वाहनाचा चालक मिळून आला नाही."

"वेळ ०४.३० वा. सदर वाहनाचा चालक स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर झाला. त्यास अटक करून मेडिकलकामी रवाना."

दुसरी नोंद पुन्हा वाचा. ती खरी आहे. नवी फौजदार गस्तीवर दुसऱ्या टोकाला होती, ती खरोखरच २.१० ला पोचली आणि तिला खरोखरच चालक दिसला नाही, कारण तोवर तो चौकीत बसवलेला होता. तिची ओळ खरी, तिच्या वरची आणि खालची खोटी. सकाळी तिने रात्रपाळीची अधिकारी म्हणून पानाखाली सही केली. पहिल्या काही खर्ड्यांत नायिकेला सरळ खोटं लिहायला लावायचा मोह होतो आणि तिथे ती प्रेक्षकाच्या हातून निसटते. खऱ्या ओळीखाली केलेली सही जास्त चावते, कारण ती नाकारताही येत नाही.

आणखी एक गोष्ट तारखांनी साधते. सही झाली तेव्हा मोटारसायकलवाला जिवंत होता. कलम दुखापतीचं, भारतीय न्याय संहितेचं १२५. दोन दिवसांनी रुग्णालयातून तो मयत झाल्याची खबर येते आणि कलम बदलायची वेळ येते. १०६ लावलं तर निष्काळजीपणाने मृत्यू, जास्तीत जास्त ५ वर्षं, जामीनपात्र. १०५ लावलं तर सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र. या दोन आकड्यांमधला फरक बराचसा रक्तातल्या आकड्यावर टिकून असतो, आणि तो अहवाल, ठाण्याच्या बोलीत सीए रिपोर्ट, अजून प्रयोगशाळेत आहे. इथे लिहिणाऱ्यांची एक चूक वारंवार होते: अहवाल दुसऱ्या दिवशी येतो. तो इतक्या झटकन येत नाही, आणि न येण्यानेच मधले दोन भाग ताणून धरले जातात. बाटलीत सोडियम फ्लोराइड घातलं होतं का, हा प्रश्न बचावाच्या वकिलासाठी राखून ठेवा. ते नसेल तर नमुन्यात जंतूंमुळे अल्कोहोलचं प्रमाण बदलू शकतं आणि कमी आलेला आकडासुद्धा वादात जातो.

कलमांच्या बाबतीत काळाचं भान हवं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. कथा २०२३ ची असेल तर जुन्या दंड संहितेचं ३०४ अ, नंतरची असेल तर १०६. संवादांत मात्र जुने आकडे राहू द्या. हवालदार तोंडाने 'तीनशेचार अ' म्हणतो आणि टाइप १०६ करतो, हे कानाला अगदी खरं लागतं.

ठाण्याच्या आतला कागद ठाण्याच्या ताब्यात असतो, बाहेरचा नसतो. इथून मालिकेचा तपास सुरू होतो. ११२ वरच्या फोनची वेळ ठाण्यात नोंदली जात नाही, ती ठाण्यातून खोडताही येत नाही. १०८ ची रुग्णवाहिका कधी निघाली याची नोंद वेगळीकडे. रुग्णालयाच्या एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणांच्या रजिस्टरमध्ये जखमी दाखल झाल्याची वेळ तिसऱ्याच माणसाच्या अक्षरात. जखमी १.४५ ला दाखल आहे आणि पोलिसांना खबर १.५० ला मिळाली! ही विसंगती नायिकेला कुणी सांगू नये. मयताच्या भावाने विम्याच्या कागदांसाठी आणलेल्या झेरॉक्समध्ये ती तिला दिसावी, डबा खाताना.

पैसे नाकारण्याचे प्रसंग आम्ही कमी केले आहेत, कारण नव्या माणसाला कुणी पैसे देऊ करत नाही. त्याला आधी उपकार देऊ करतात. क्वार्टर मिळवून देणं, आई आजारी असताना कागद न फिरवता रजा जमवून देणं, पहिल्याच केसमध्ये चुकलेला पंचनामा कोर्टात जायच्या आधी लक्षात आणून देणं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हवालदाराने तिची अब्रू खरोखर वाचवलेली असली पाहिजे. तो कपटाने गोड बोलणारा लिहिला की कोंडी संपली, उरतो फक्त सज्जन आणि दुर्जनांचा खेळ.

त्याची बाजूही भक्कम हवी. बेवारस प्रेत उचलायचं, कापड आणायचं, आरोपीला कोर्टात न्यायला गाडीत डिझेल नाही, प्रिंटरचा टोनर संपला, पंचांना दुपारी खायला घालायचं. यातल्या किती गोष्टींना वेळेवर सरकारी पैसा मिळतो, हे ठाण्यातल्या कुणालाही विचारा आणि त्याच्या हसण्याची लांबी मोजा. हवालदार तिला एक जुनी वही दाखवतो: डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर ठाण्यासाठी गेलेले. उजवी बाजू खोटी नाही. फक्त डाव्या बाजूची बेरीज त्याने कधी केलेली नाही. अशी वही मालिकेत एकदाच, एकाच प्रसंगात यावी. ती परत परत दाखवली की तिचा पुरावा होतो आणि त्याची कैफियत विरते.

नकाराची किंमतही रोजच्या चलनात लिहावी. बदलीचा हुकूम फार लवकर आणू नका. आधी सलग बंदोबस्त, मग साप्ताहिक सुटीच्या दिवशी कोर्टाचं काम, मग उशिरा आल्याचा कसुरी रिपोर्ट, मग तिच्या हाताखालचा शिपाई दुसऱ्या अधिकाऱ्याला. तिने बोलावलेली गाडी येते, पण अर्ध्या तासाने. कुणीही तिच्याशी वाईट वागत नाही; ती आत आली की बोलणं तेवढं थांबतं.

जागांचा प्रश्न कॅमेऱ्यांमुळे अलीकडे पार बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्याचं प्रवेशद्वार, सगळ्या लॉकअप, व्हरांडे, स्वागतकक्ष, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागा इथे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत, आणि साठवण १८ महिन्यांची, ते जमत नसेल तर निदान वर्षाची. म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये चाललेली देवघेव आता बाळबोध वाटते. आम्ही ते प्रसंग टपरीवर, कोर्टाच्या आवारात, नाहीतर चालत्या गाडीत नेतो. आणि 'कॅमेरा बंद होता' हे वाक्य वापरायचं असेल तर बिघाड वर कळवल्याचं पत्रही दाखवावं लागतं; तशी जबाबदारी ठाणेप्रमुखावरच टाकलेली आहे. पत्राची तारीख अपघाताच्या आदल्या दिवशीची असेल तर संशय कुणावर घ्यायचा ते प्रेक्षक ठरवतो.

सापळ्याचा भाग सगळ्यांना लिहायचा असतो आणि तोच सर्वांत जास्त चुकतो. आधी हे ठरवा की सापळा कोणत्या पैशांवर. चालकाच्या बापाने दिलेली मोठी रक्कम सापळ्यात येऊच शकत नाही. देणारा खूश, घेणारा खूश, तक्रारदार कोण? सापळा लागतो तो छोट्या रकमेवर. दाव्यासाठी घटनास्थळ पंचनाम्याची प्रत हवी म्हणून मयताचा भाऊ येतो आणि त्याच्याकडे ५ हजार मागितले जातात, म्हणजे मिळायलाच हव्या त्या कागदाचे. त्याने आधी १ हजार देऊन टाकले आहेत. इथे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं २०१८ नंतरचं कलम ८ कामाला येतं: लाच देणाराही गुन्हेगार, पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांत यंत्रणेला कळवलं असेल तर नाही. त्याला नायिकेसमोर सहाव्या दिवशी आणा. ती त्याला सल्ला देत नाही, बाजू घेत नाही. फक्त कागदाच्या कोपऱ्यावर चार आकडे लिहून देते: १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक. तिचं सगळं बंड एवढंच. पण त्या क्षणापासून तिला ठाऊक आहे की पुढच्या काही दिवसांत कुणाचा तरी हात गुलाबी होणार, आणि पंचनाम्याच्या प्रती हवालदाराच्या कपाटात असतात.

पुढचा क्रम मोडू नका. तक्रार आली की थेट छापा नसतो, आधी पडताळणी. तक्रारदाराजवळ डिजिटल रेकॉर्डर, सोबत पंच, आणि मागणी खरंच होते का ते ऐकायचं. इथे पहिला घोळ: सराईत माणूस आकडा उच्चारत नाही. कॅल्क्युलेटरवर दाबून दाखवतो, नाहीतर म्हणतो, "साहेबांचं काय ते बघून घ्या." रेकॉर्डरमध्ये काहीच आकडा नाही. मग पंचाच्या डोळ्यांवर सगळं टिकतं, म्हणून पंच क्रमांक एक खोलीच्या बाहेर उभा राहिलेला लिहिलात तर खटला तिथेच पडला.

मागणी नक्की झाली की सापळापूर्व पंचनामा. पंच बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी. त्यांना कुठे जायचं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे क्रमांक लिहून घेतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. एका पेल्यात सोडियम कार्बोनेटचं रंगहीन द्रावण करून, पूड लागलेली बोटं बुडवून गुलाबी रंग पंचांना दाखवतात. नोटा तक्रारदाराच्या खिशात तो स्वतः ठेवत नाही, ठेवून दिल्या जातात. मागितल्याशिवाय हात लावायचा नाही अशी ताकीद असते. पूड हाताळणारा कर्मचारी पथकासोबत जात नाही. पटकथेत मात्र तोच पुढे धावताना दिसतो, आणि पूड त्याच्याच हातून आरोपीला लागली असा बचाव आपणच आयता देऊन बसतो. राज्यातल्या कित्येक जुन्या खटल्यांत या पुडीऐवजी अँथ्रासिनची पूड आणि अतिनील दिवा सापडतो. कथा जुन्या काळातली असेल तर अंधाऱ्या खोलीत निळसर चमकणारी बोटं पडद्यावर गुलाबी पाण्यापेक्षा सुरेख दिसतात.

इशारा ठरलेला असतो: रुमालाने तोंड पुसणं, टोपी काढणं, मिस्ड कॉल. पथक आत येतं, हात मनगटाला धरतात. उजव्या हातासाठी एक भांडं, डाव्यासाठी दुसरं, खिशाच्या अस्तरासाठी तिसरं. सगळं एकाच भांड्यात बुडवलं की कोणत्या हाताने घेतले याचं उत्तर नाही. द्रावण बाटल्यांत, बाटल्यांना सील, लेबलवर पंचांच्या सह्या. या वेळी हवालदार काय म्हणतो? ओरडत नाही. "उसने दिले होते त्याचे परत आलेत." हा बचाव न्यायालयांत इतक्यांदा ऐकला गेला आहे की तो आधीपासून तयार असावा असं वाटतं. दुसरा नेहमीचा: जबरदस्तीने खिशात कोंबले. दोन्हीला उत्तर एकच, मागणीचा पुरावा. १५ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की तक्रारदार उलटला किंवा वारला तरी मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध होऊ शकते. पण सिद्ध व्हायलाच हवी. नुसता गुलाबी रंग पुरत नाही.

सापळ्यानंतर मालिका बहुतेक लोक संपवतात. तिथून खरं तर तिची वेळ सुरू होते. खटला भरायच्या मंजुरीचं कलम १९, तीन महिन्यांची अपेक्षा, लागलेच तर आणखी एक. ध्वनिमुद्रणासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र. फितूर होत चाललेला भाऊ. हे झटपट दाखवा. जास्तीचा वेळ द्यायचा तो ठाण्यातल्या दुसऱ्या दिवसाच्या हजेरीला: हवालदाराची खुर्ची रिकामी, वही कपाटातून गेलेली, आणि कुणीतरी तिच्यासमोर रोजच्यासारखा चहा ठेवतं, पण साखर विचारत नाही.

शेवट कोर्टात, आणि तोही सापळ्याच्या खटल्यात नाही. त्यात ५ हजारांपलीकडे काही सिद्ध होत नसतं. शेवट अपघाताच्या खटल्यात, जिथे सरकारतर्फे ती साक्षीदार आहे. सरतपासणीत तिने ११२ ची १.१० ही वेळ सांगून टाकली आहे. उलटतपासणीला बचावाचा वकील उठतो. तो आवाज चढवत नाही. डायरीचं पान तिच्यापुढे करतो आणि तिच्याकडून एकेक ओळ वाचून घेतो: ०१.५०, ०२.१०, ०४.३०. मग पानाच्या तळाशी बोट ठेवतो. "ही सही आपलीच?"

"हो."

"वाचून केलीत?"

इथे नटीला संवाद देऊ नका. न्यायाधीश लघुलेखकाकडे बघतात, तो बोटं उचलून थांबलेला. मागच्या बाकावर मयताचा भाऊ. शिरस्तेदार पानावर निशाणीचा क्रमांक टाकण्यासाठी शिक्का शाईवर दाबतो.